पुरणपोळीला लॅटिनमध्ये काय म्हणाल? वनस्पती आणि पदार्थांसाठी लॅटिन शब्द शोधण्याची रीत

लॅटिन शिकायला लागून सहा-सात महिने झाले असतील. रोज पाच ओळींची डायरी लिहायची, असा शिक्षकांचा नेम होता. एके दिवशी बाजारात सीताफळांचा भाव ऐकून रिकाम्या पिशवीने परत आले आणि मोठ्या ऐटीत लिहिलं: 'अन्नोना कारा एस्त'. सीताफळाचं शास्त्रीय नाव अन्नोना स्क्वामोसा, 'कारा' म्हणजे महाग, 'एस्त' म्हणजे आहे. चुकण्यासारखं यात काय होतं? वही परत आली तेव्हा समासात एकच प्रश्न होता: "दुष्काळ पडलाय का?"

रोमन माणसाच्या कानाला 'अन्नोना' म्हणजे वर्षाचं धान्य, त्याचा पुरवठा, त्याचा बाजारभाव. 'अन्नुस' म्हणजे वर्ष, त्यावरून हा शब्द. माझं वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, फक्त त्याचा अर्थ 'धान्य कडाडलंय' असा होत होता. सीताफळाशी हा शब्द जोडला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने. कॅरिबियन बेटांवरचं 'आनोन' हे नाव त्याने ओढूनताणून एका ओळखीच्या रोमन शब्दात बसवलं.

त्या दिवसापासून मी दोन नावं वेगळी ठेवते: कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव. शास्त्रीय नाव हे कागदावरचं. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. झाडाची ओळख पक्की करायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. पण लॅटिनमध्ये वाक्य लिहायचं, गोष्ट सांगायची, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, तर हाकेचं नाव लागतं, आणि ते शोधायला थोडी पायपीट करावी लागते. माझी पायपीट कोणत्या रस्त्याने होते ते इथे सांगते.

आधी लेखनाबद्दल दोन शब्द. इथले लॅटिन शब्द मी प्राचीन उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. रोमन लिपीत जिथे 'सी' दिसतो तिथे उच्चार 'क' होतो, म्हणून प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो इथे किकेरो. देवनागरीचा एक फायदा असा की ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना दिसतं. 'मालुम' म्हणजे सफरचंद, 'मलुम' म्हणजे वाईट गोष्ट. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात आणि शिकणारा गोंधळतो. आपल्याला एक काना वाचवतो.

पहिली पायरी: वस्तू नक्की कोणती?

लॅटिनकडे जाण्याआधी मराठीतच खातरजमा करावी लागते, कारण आपली नावंही साधीसुधी नाहीत. मुगाचं शास्त्रीय नाव काय? 'विग्ना मुंगो' असं चटकन तोंडात येतं आणि तिथेच फसायला होतं. विग्ना मुंगो म्हणजे उडीद. मूग म्हणजे विग्ना रादिआता. नाव मुगाचं, डाळ उडदाची.

दुसरं उदाहरण कलौंजीचं. आपल्याकडे तिला सर्रास 'कांद्याचं बी' म्हणतात, आणि शब्दशः भाषांतर करणारा 'सेमेन काएपाए' लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ खरोखरीचं कांद्याचं बी, वाफ्यात पेरायचं. कलौंजीचा कांद्याशी काही संबंध नाही. ती निगेल्ला सातिवा, आणि रोमन लोक तिला 'गित' म्हणत. एवढासा शब्द, विभक्तीही न लागणारा. थोरला प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवलंय की गित लागते ती भटारखान्यात. आजही कलौंजी नानावर भुरभुरलेली दिसते, तेव्हा तिची जागा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

मराठी नावावरून शास्त्रीय नाव काढायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) अजून कामाला येतो, कारण वनस्पतींच्या नोंदींत त्याने बऱ्याच ठिकाणी शास्त्रीय नाव दिलं आहे. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची (1901 ते 1908) त्याहून नेमकी आहे. मात्र दोन्हीकडची नावं तशीच्या तशी उचलू नका. लंडनच्या क्यू उद्यानाच्या संकेतस्थळावर ते नाव टाका, आजचं मान्य नाव समोर येतं. बाजरी पुष्कळ वर्षं पेन्निसेतुम होती, आता ती केंक्रुस अमेरिकानुस या नावाखाली आहे. मूळची आफ्रिकेची बाजरी कागदोपत्री अमेरिकन झाली आहे. म्हणून कागदावरच्या नावाचा अर्थ लावत बसू नये, त्याने फक्त ओळख पटवून घ्यावी.

दुसरी पायरी: ही वस्तू रोममध्ये पोचली होती का?

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा प्रश्न हाच. 1492 साली कोलंबस अमेरिकेला पोचला. त्याआधी तिकडच्या वनस्पती युरोपलाही ठाऊक नव्हत्या आणि आपल्यालाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, अननस, चिकू, रताळं, राजमा, लाल भोपळा, सीताफळ, रामफळ. नावात राम असो की सीता, फळ अमेरिकेचंच. यातल्या एकालाही प्राचीन लॅटिन शब्द असूच शकत नाही. शब्दकोशात सापडला, तर तो शब्द मुळात दुसऱ्याचा आहे असं समजायचं.

उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचं ताट डोळ्यापुढे आणा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा, दाण्याचं कूट अमेरिकेचं, बटाटा आणि मिरची अमेरिकेची. त्या ताटातलं ओळखीचं म्हणून रोमन माणसाला जिरं, मीठ आणि फार तर तूप दाखवता येईल. तुपाला त्याने नाकच मुरडलं असतं, कारण लोणी ('बूतीरुम') हा परक्या, रानटी लोकांचा उंची पदार्थ असं प्लिनी सांगतो. रोमन स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलात.

इथे इंग्रजीतून येणाऱ्या गोंधळाबद्दल सांगायलाच हवं. आपल्यातले बहुतेक जण लॅटिन-इंग्रजी कोश वापरतात, आणि फुकट मिळणारा सर्वांत मोठा कोश म्हणजे लुइस आणि शॉर्ट यांचा, 1879 सालचा. त्यात 'फ्रूमेन्तुम'चा अर्थ 'कॉर्न' दिसेल. आपल्या डोळ्यांपुढे मक्याचं कणीस येतं, पण त्या काळच्या ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य. 'फसेलुस' या शब्दापुढे किडनी बीन, म्हणजे राजमा, असं दिलेलं आहे. राजमा तर अमेरिकेचा! रोमन फसेलुस ही चवळीच्या जातीतली शेंग असावी, असं आज मानतात. तेव्हा चवळीच्या उसळीला फसेलुस खुशाल वापरा, राजमाचावलला नको.

तिसरी पायरी: ओळखीचा शब्द, पण आता भलत्याच घरी

लिनियसने 1753 साली आपल्या ग्रंथात हजारो वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं दिली. एवढी नावं आणायची कुठून? जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांतले शब्द त्याच्या हाताशी होते. ते त्याने अमेरिकेतून आलेल्या नव्या पाहुण्यांनाही वाटून टाकले. म्हणून एकच शब्द प्राचीन लेखकाच्या हातात एक वस्तू आणि वनस्पतिशास्त्रात दुसरीच, असं वारंवार होतं.

'कारिका' हे पपईचं कागदावरचं नाव. रोममध्ये कारिका म्हणजे कारिया प्रांतातून येणारं सुकं अंजीर. 'झेआ' मक्याचं नाव, रोमन झेआ म्हणजे गव्हाच्या जुन्या जातींतलं एक धान्य. 'कुकुर्बिता' आज लाल भोपळ्याचं नाव आहे, पण रोमन कुकुर्बिता म्हणजे आपला दुधी. म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परत येते तो भोपळा लॅटिनमध्ये न्यायचा झाला, तर मी डोळे मिटून कुकुर्बिता लिहीन. वाळवून पोकळ होतो तो दुधीच.

या यादीतला माझा लाडका शब्द 'अनाकार्दिउम'. आज तो काजूचा. मध्ययुगीन वैद्यकाच्या लॅटिन ग्रंथांत मात्र 'अनाकार्दुस' म्हणजे बिब्बा. ग्रीकमध्ये 'कार्दिआ' म्हणजे हृदय, आणि बिब्ब्याचा आकार हृदयासारखा. स्मरणशक्तीसाठी त्याचं पाक घातलेलं औषध देत. पुढे काजू आला, त्याच्या कवचातही तसंच अंगावर उठणारं तेल, आणि नाव त्याच्याकडे गेलं. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावात दुसरा शब्द म्हणून ते अजून टिकून आहे: सेमेकार्पुस अनाकार्दिउम. एखाद्या जुन्या लॅटिन औषधयोगात हा शब्द दिसला आणि तुम्ही त्याजागी काजू वाचलात, तर नुसती विनोदी चूक होणार नाही.

'इन्दिकुस' या विशेषणाचीही अशीच गंमत आहे. प्लिनीच्या ग्रंथात 'फीकुस इन्दिका' म्हणजे भारतातलं अंजिराच्या जातीचं एक अजस्र झाड, फांद्या जमिनीला टेकून नवी मुळं धरणारं. वड, दुसरं काय? सोळाव्या शतकानंतर मात्र फीकुस इन्दिका म्हणजे अमेरिकेचा फड्या निवडुंग, कारण तेव्हा तिकडच्या बेटांनाही 'इंडीज'च म्हणत. म्हणून 'इन्दिकुस' दिसलं की आधी ग्रंथाचं साल बघावं.

मसाल्याचा डबा

आता सोपा आणि सुखाचा भाग. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या पुष्कळ वस्तूंना लॅटिनमध्ये हाकेचं नाव आहे, आणि त्यातली काही नावं मुळात आपल्याकडूनच गेली आहेत. मिरं म्हणजे 'पिपेर', आलेलं 'पिप्पली'वरून, ग्रीकमार्गे. सुंठ म्हणजे 'झिंगिबेरी', संस्कृत 'शृंगवेर'चं वंशज. साखर 'सक्खरोन'. हा शब्द मी देवनागरीत प्रथम लिहिला तेव्हा स्वतःशीच हसले. साखर अरबस्तानातही होते पण भारतातली जास्त चांगली, असं प्लिनी सांगतो, आणि वर हेही की ती फक्त औषधाला वापरतात. गोडासाठी रोमन लोक मध घालत.

जिरं 'कुमीनुम', धने 'कोरिअन्द्रुम', मोहरी 'सिनापी', तीळ 'सेसमुम', खसखस 'पपावेर', मेथी 'फेनुम ग्राएकुम', म्हणजे ग्रीक लोकांचं गवत. लसूण 'आलिउम', कांदा 'काएपा'. प्लिनीने मिऱ्यांचे पौंडाचे भावही दिलेत: पिंपळी 15 देनारियस (रोमन चांदीचं नाणं), पांढरं मिरं 7, काळं 4. इसवी सन 301 मध्ये सम्राट डायोक्लेशनने कमाल भावांचं फर्मान काढलं, ते तर किराण्याच्या यादीसारखंच आहे. शब्द नुसता कोशात होता की बाजारातही चालत होता, हे अशा ठिकाणी कळतं. अपिकिउसच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या संग्रहातही जरूर बघावं. तिथे जवळजवळ प्रत्येक कृतीत मिरं आहे.

हिंगाजवळ जरा थांबू. रोमन स्वयंपाकात 'सिल्फिउम' नावाच्या वनस्पतीचा चीक, म्हणजे 'लासेर', फार मोलाचा होता. ती वनस्पती उत्तर आफ्रिकेतल्या किरेने भागात उगवायची. ती संपत गेली. आपल्या आठवणीत एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोकडे पाठवला, असं प्लिनी लिहितो. तिच्याऐवजी पूर्वेकडून, पर्शियाच्या बाजूने दुसरा लासेर येऊ लागला, वासाला उग्र आणि किमतीला कमी. तोच आपला हिंग. तेव्हा हिंगाला 'लासेर पार्थिकुम' म्हणायला काही हरकत नाही. अपिकिउसच्या संग्रहात लासेर पुरवून वापरायची युक्ती दिली आहे: काचेच्या बरणीत लासेर आणि वीसेक चिलगोजे एकत्र ठेवायचे, भाजी-आमटीत चिलगोजेच कुटून घालायचे, आणि जितके काढले तितके नवे बरणीत टाकायचे. खडा हिंगाची डबी जपणाऱ्या कुठल्याही घरात ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

ज्वारीसाठी तर प्लिनीने आपलं कामच करून ठेवलं आहे. गेल्या दहा वर्षांत भारतातून इटलीत एक धान्य आलंय, रंग काळा, दाणा मोठा, ताट वेतासारखं, उंची सात फूट, असं वर्णन करून त्याला तो 'मिलिउम' म्हणतो. ही ज्वारीच असावी असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणून ज्वारीला 'मिलिउम इन्दिकुम', आणि भाकरीला 'पानिस', म्हणजे भाकर, 'एक्स मिलिओ इन्दिको'.

चौथी पायरी: रोम संपलं, लॅटिन संपली नाही

प्राचीन शब्द नाही म्हणजे शब्दच नाही, असं मानणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. रोमन साम्राज्य पडल्यावरही हजार-बाराशे वर्षं युरोपातले वैद्य, व्यापारी आणि पाद्री लॅटिनमध्येच लिहीत होते, आणि त्यांनी नव्या वस्तूंना नावं दिली. ती नावं कागदावरची नाहीत, वापरातली आहेत. मध्ययुगीन शब्दांसाठी द्यु कांज यांचा 1678 सालचा मोठा कोश आहे, आणि तो लॅटिनमधून लॅटिनमध्ये असल्याने इंग्रजीचा घोळ तरी टळतो.

चिंच म्हणजे 'तमारिन्दुस', अरबी 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदी खजूर. शास्त्रीय नावात त्याला पुन्हा 'इन्दिका' जोडल्यामुळे ते 'भारतातला भारतीय खजूर' असं होतं. नारळाला मध्ययुगात 'नुक्स इन्दिका' म्हणत. वांग्याचं नाव आपल्याकडून फारसी, अरबी असं फिरत 'मेलोंगेना' झालं. काही वनौषधिग्रंथांत त्याला 'माला इन्साना', म्हणजे वेडी फळं, असंही म्हटलंय. टोमॅटोला 'पोमा अमोरिस', प्रेमाची फळं, आणि पुढे 'लिकोपेर्सिकुम', लांडग्याचं पीच. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी त्याला बेलवांगं म्हटलं, यांनी पीच म्हटलं. नवी वस्तू आली की प्रत्येक जण आपल्या अंगणातल्या फळाकडे बोट दाखवतो.

बटाट्याचं 'सोलानुम तूबेरोसुम' हे नाव लिनियसच्या आधीचं, वनस्पतिशास्त्रज्ञ गास्पार बोअँने 1596 मध्ये दिलेलं, म्हणून ते लिखाणात वापरायला मला संकोच वाटत नाही. मिरचीची गोष्ट मजेशीर आहे. जर्मन वैद्य फुक्स याने 1542 साली आपल्या लॅटिन ग्रंथात ती छापली, ती कालिकतची मिरी समजून. अमेरिकेचं फळ, पण त्याला वाटलं केरळचं. आपणही मिऱ्यावरूनच मिरची म्हटलं, म्हणून फुक्सला हसायचा हक्क आपल्याला नाही. मी 'काप्सिकुम' वापरते, आणि पहिल्यांदा आलं की शेजारी चार शब्दांत ओळख करून देते.

या टप्प्यावर आपल्या किनाऱ्याचा थेट संबंध येतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधींवरचा आपला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला. तो पोर्तुगीजमध्ये होता. 1567 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियुसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला आणि आंबा, फणस, चिंच, हिंग असल्या गोष्टी युरोपच्या विद्वानांच्या भाषेत पोचल्या. त्यानंतर कोचीचा डच अधिकारी फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवरचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापले, लॅटिनमध्ये. त्या कामात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य होते, आणि त्यांची नागरी अक्षरांतली कोंकणी साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या झाडाला लॅटिन वाक्यात कसं वागवायचं, याचा नमुना हवा असेल तर त्या खंडांची स्कॅन केलेली पानं चाळा. देशी नाव ठेवायचं आणि भोवती साधं, स्वच्छ वर्णन करायचं, ही त्यांची पद्धत मला कुठल्याही नव्याने घडवलेल्या शब्दापेक्षा पटते.

पाचवी पायरी: नाहीच सापडलं तर

मग ओळख करून द्यायची: जात, गाव, आणि 'ज्याला अमुक म्हणतात'. आंब्याला 'पोमुम इन्दिकुम, क्वोद मांगाम वोकान्त', म्हणजे भारतातलं एक फळ, ज्याला मांगा म्हणतात. एकदा असं लिहिलं की पुढे नुसतं 'मांगा' चालतं, पहिल्या गणात, म्हणजे 'आ'ने संपणाऱ्या नामांसारखं. शेवटी 'ओ' लावून 'मांगो' मात्र करू नका. लॅटिनमध्ये 'मांगो' हा शब्द आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ गुलामांचा व्यापारी. 'मला मांगो फार आवडतो' हे वाक्य कुणाला दाखवण्यासारखं नाही. तुरीला 'लेगूमेन इन्दिकुम', भारतातली डाळ, आणि शेजारी तुरीचं नाव. चहाला सरळ 'थेआ'. लिनियसनेही आधी तेच वापरलं होतं. कामेल्लिआ हे कागदावरचं नाव कामेल नावाच्या मिशनऱ्यावरून आलंय, ते कपात ओतायचं नाही.

लिंगाची काळजी करू नका, मराठीचा कान असला की पुरतो. लॅटिनमध्ये झाड स्त्रीलिंगी आणि फळ नपुंसकलिंगी: 'पिरुस' नाशपातीचं झाड, 'पिरुम' नाशपाती, 'प्रूनुस' आणि 'प्रूनुम', 'मालुस' आणि 'मालुम'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं. आपण लहानपणापासून बोरीचं बोर, जांभळीचं जांभूळ, करवंदीचं करवंद म्हणतो. ती करवंदी, ते करवंद. पिंपळसुद्धा 'फीकुस रेलिगिओसा' असतो, 'रेलिगिओसुस' नाही. शेवट पुल्लिंगी दिसला तरी झाड ते झाड.

पदार्थ: इथे शब्दकोश मिटून कृती बघा

पदार्थाचं भाषांतर नावावरून करायला गेलं की फसगत ठरलेली. त्याऐवजी तीन प्रश्न: कशाचा, कसा केलेला, आत किंवा बरोबर काय.

पोहे म्हणजे कांडून चपटे केलेले तांदूळ: 'ओरीझा कोन्तूसा'. कांदेपोहे: 'ओरीझा कोन्तूसा कुम काएपीस'. झालं. दह्याला शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेल्ला 'ओक्सिगला' म्हणतो, आंबट दूध. लोणच्याला त्याच्याच ग्रंथात 'सल्गमा' आहे.

बटाटेवड्याला मी बराच काळ मांसाच्या गोळ्यांचा शब्द वापरत होते, तो काही जमत नव्हता. मग कातो या जुन्या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या ग्रंथात 'ग्लोबुस' सापडला. चीज आणि गव्हाचा रवा मळून गोळे करायचे, तापल्या चरबीत एका वेळी एक किंवा दोन सोडायचे, दोन काड्यांनी सारखे परतायचे, काढून मध चोपडायचा आणि वर खसखस भुरभुरायची. खसखशीमुळे मला अनारसे आठवले, पण कृती बघाल तर वड्याचीच: गोल गोळा, तळलेला. म्हणून बटाटेवडा म्हणजे 'ग्लोबुस', पुढे बटाट्याचं नाव.

आता पुरणपोळी. पहिला मोह होतो 'प्लकेन्ता' या शब्दाचा, कारण रोमन प्लकेन्ता म्हणजे गोड, सपाट पदार्थ. वैद्यकातली प्लॅसेंटा, म्हणजे वार, हा अर्थ सोळाव्या शतकातला, तिच्या चपट्या आकारावरून आलेला. व्हॅटिकनच्या आधुनिक लॅटिन कोशात पिझ्झाला 'प्लकेन्ता कोम्प्रेस्सा' असं नाव दिलंय, तेव्हा शब्द अजून चालू आहे. पण कातोची कृती वाचली की कळतं, प्लकेन्तात पिठाचे पापुद्रे एकावर एक, मधे चीज आणि मध, खाली तमालपत्रासारखी पानं, आणि सगळं भट्टीत. ही पुरणपोळी नव्हे.

मला हवा तो शब्द होराशिअस या रोमन कवीकडे मिळाला. आपलं साधं जेवण सांगताना तो म्हणतो की संध्याकाळी घरी परतून पातीच्या कांद्यासारखी 'पोर्रुम' ही भाजी, हरभरे आणि 'लगनुम' यांच्या थाळीशी बसतो. लगनुम म्हणजे पिठाचा पातळ, सपाट पदार्थ, आणि शेजारी हरभरा आयताच आहे. हरभरा म्हणजे 'किकेर', किकेरोच्या घराण्याचं नाव त्यावरूनच पडलं. मग जुळणी अशी: 'लगनुम त्रीतिकेउम, किकेरे कोन्त्रीतो एत सक्खरो क्रूदो फार्तुम'. गव्हाचं लगनुम, वाटलेला हरभरा आणि कच्ची साखर म्हणजे गूळ यांनी भरलेलं. 'फार्तुम' म्हणजे भरलेलं, सारण घातलेलं. इंग्रजी शाळेत जाणारी माझी भाची या शब्दावर पाच मिनिटं हसत होती, त्याला इलाज नाही.

शेवटची चाळणी: मोठ्याने म्हणून बघा

शब्द ठरला की त्याच्या सगळ्या विभक्त्या मोठ्याने म्हणायच्या आणि त्यातलं एखादं रूप दुसऱ्याच कुणाचं नाही ना, ते कोशात बघायचं. ही सवय मला कोकमाने लावली.

कोकमाचं कागदावरचं नाव गार्किनिआ इन्दिका. ते गार्सिया द ओर्ताच्या नावावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. खरं म्हणजे लिनियसने ते लोराँ गार्साँ या दुसऱ्याच वैद्याच्या स्मरणार्थ दिलं. प्राचीन शब्द नाही, आणि शोधलं तिथे मध्ययुगीनही मिळाला नाही. म्हटलं, कोकम हा शब्द तर लॅटिनसारखाच वाजतो, 'कोकुम' करून टाकू. आमटीबद्दल वाक्य लिहिलं, "मी रशात कोकुम घालते". पण 'कोकुस' म्हणजे आचारी, आणि 'कोकुम' ही त्याची द्वितीया. मी आचाऱ्यालाच रशात घातलं होतं. गोव्यातल्या 'सोलां'वरून 'सोलुम' करून पाहिलं, तर त्याचा अर्थ जमीन.

शेवटी आमसूल कामाला आलं. 'आम्सुलुम', नपुंसकलिंगी, फळांच्या रीतीला धरून. षष्ठी 'आम्सुली', अनेकवचन 'आम्सुला'. सगळी रूपं चाळली, कुणाशी टक्कर नाही. वहीत आता असं आहे: 'यूस्कुलुम आम्सुलीस कोन्दिओ', रशाला आमसुलं लावते. खाली एका ओळीत ओळख: किनाऱ्यावरच्या एका आंबट फळाची वाळवलेली साल. डब्यावरची चिठ्ठीही त्याच दिवशी बदलली.